मारक्याला आवतन

पोळा जवळ आला की आदिलाबादच्या बाजारात बैलांचा साज टांगला जातो. झुली, माथोट्या, रंगीत गोंडे, शिंगांना लावायचा बेगड, पितळी घुंगरांच्या माळा. शाळेत जाताना माझा ऑटो त्याच गल्लीतून वळतो. वारा सुटला की माळा हलतात, आणि तेवढ्या आवाजानं मी ऑटोचा दांडा घट्ट धरते.

आमच्या घरात कधी बैल नव्हता. वडील कचेरीत पेशकार, आजोबाही कचेरीतच. मी शाळेत मराठी शिकवते. धाकटा भाऊ माधव बँकेत होता. शेतीशी आमचा संबंध मामाच्या गावापुरता. तरी पोळ्याच्या घुंगरांची मला भीती वाटते, कारण त्यांच्या मागून मला नेहमी एक इंजिन ऐकू येतं.

माधव बँकेत होता, असं लिहिलं. अजून हात तिथं अडतो. या फाल्गुनात माधव गेला. बँकेत, स्वतःच्या खुर्चीवर, चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता. कप सांडला नाही, असं त्याच्या बाजूला बसणाऱ्यांनी सांगितलं. बाहेर ऊन होतं. गावाबाहेरच्या तळ्याखालच्या जमिनीला पाऊल अडकेल अशा भेगा पडल्या होत्या. ज्या चिखलाला मी इतकी वर्षं घाबरले, त्याचा तेव्हा कुठं मागमूस नव्हता. मी एका दारावर पहारा देत बसले आणि तो दुसऱ्याच दारानं निघून गेला.

वाटलं होतं, त्याच्याबरोबर ती भीतीही जाईल. आता तिनं कुणासाठी राहायचं? पण श्रावण लागला, मावला गावाकडं जाणाऱ्या रस्त्याकडेची माती पुन्हा काळी होऊन चपलांना चिकटू लागली, आणि भीती परत आली. घरमालकिणीसारखी. चावी तिच्याकडेच होती.

मारक्या म्हणजे आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली गाडी. माधवनं ती विकत घेतली नाही, बांधली. जुन्या डिझेल पिकअपचा सांगाडा, सरकारी लिलावात निघालेल्या एका जीपचा चारही चाकं फिरवणारा गिअर, ट्रॅक्टरचे टायर. चेसिस इतकी वर उचललेली की आत चढायला मला स्टूल लागायचं. छप्पर कापून तिथं लोखंडी पाइपांचा पिंजरा केला. रेडिएटर पुढं असला की चिखलानं बुजतो, म्हणून तो मागं, सामान ठेवायच्या जागी नेऊन बसवला. इंजिनाला हवा घ्यायला डाव्या बाजूनं एक जाड नळी वर काढली. तिचं तोंड बाजूला बसणाऱ्याच्या डोक्याशी उघडायचं. चिखल कितीही उडाला तरी तिथवर येऊ नये, एवढाच तिचा उद्देश.

"डोकं मांगं अन् नाक कानापाशी," रेखा म्हणायची. "असं जनावर देवानं नाई केलं, तुमीच केलं." रेखा म्हणजे माधवची बायको.

गाडी बांधली तो सगळा श्रावण मला वासांनी आठवतो. वेल्डिंगचा जळका वास, पावसात भिजलेल्या पत्र्याचा वास, दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलांना लागलेला डिझेलचा वास. मागच्या खोलीत मी घटक चाचणीचे पेपर तपासत बसायची, आणि शेडमधला निळा उजेड उत्तरपत्रिकांवर लपकन यायचा, जायचा. मुलांची अक्षरं त्या उजेडात क्षणभर हलल्यासारखी दिसत. माधव बँकेतून आला की पांढरा शर्ट खुंटीला आणि स्वतः गाडीखाली. नखांतलं काळं काही केल्या निघायचं नाही. एकदा पासबुक घ्यायला आलेल्या एका बाईनं त्याला विचारलं, "साहेब, तुमी बँकेत हायसा का गॅरेजमंदी?" हा म्हणाला, "दोन्हीकडं लोकायची गाडी अडते, मावशी."

मदतीला लच्छन्ना. रस्त्याच्या पलीकडं त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. घरी तेलुगू, दुकानात मराठी, आणि दोन्ही भाषांत सारखाच ठाम. त्यानं सांगितलेली गोष्ट अर्ध्या वेळा खोटी ठरायची, पण सांगण्याचा आवाज कधी खाली यायचा नाही.

"टीचरम्मा, हे गाडी विमानाच्या वर हाय," तो मला म्हणाला.

"विमानापेक्षा उंच?"

"उंच नाई. वर."

पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा कुणाच्या लक्षात न येता गिअरमध्ये राहिली होती. एक उडी मारून तिनं शेडचा खांब वाकवला. रेखा दारातून म्हणाली, "मारका हाय हा तर." तेव्हापासून गाडीचा तो झाला, आणि त्याचं नाव मारक्या.

चिखलाची भीती मला लहानपणीची. मुधोळकडे मामाचं गाव. तिथं एका पावसाळ्यात नाल्यात मामाचा बैल रुतला होता. लोक दोर बांधत होते, ओरडत होते, एकमेकांना शिव्या देत होते. बैल मात्र हंबरत नव्हता. पोटापर्यंत काळ्या मातीत, अगदी स्थिर. फक्त डोळे मोठे झालेले. मी मामाला विचारलं, तो हलत का नाही? मामा म्हणाला, "हालला का आनखी रुतते. त्याले समजून राह्यलं ते." बैल निघाला संध्याकाळी, पण एक पाय पुढं कायम ओढत चालायचा. मला राहून राहून ते डोळे आठवत. चिखल कुणाला ओढत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तो फक्त सोडत नाही. पाणी बुडवतं, आग जाळते, त्यांना निदान घाई असते.

आणि माझा भाऊ हौसेनं त्यात जाणार होता.

इकडच्या गावांमध्ये पोळ्याच्या सकाळी बैल धुऊन होतात. त्यानंतर संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहीपर्यंत गावाला काम नसतं. त्या दिवशी औत धरायचं नाही. तेवढ्या रिकाम्या दुपारी ट्रॅक्टरवाल्यांनी चिखलाची शर्यत सुरू केली. तळ्याखालची पडीक जमीन आधी काही दिवस पाणी सोडून, नांगरून, कालवून ठेवायची. या बांधावरून त्या बांधावर जायचं. बहुतेक जण मध्येच अडकतात, आणि दोर लावून त्यांना ओढून काढण्यातच लोकांना जास्त मजा येते. पुढं ट्रॅक्टरांबरोबर जीपगाड्या आल्या, मग माधवसारखे घरी बांधलेले राक्षस आले. भोंग्यावर मराठी, तेलुगू, हिंदी असं सगळं एकाच दमात.

पण मला खरी भीती चिखलाआधीच भेटली, आमच्या अंगणात.

रविवारची सकाळ होती. शेडमागं मुरमाचा ढीग होता. त्यावर एका बाजूची चाकं चढवून मारक्या किती तिरपा होऊ शकतो ते माधवला पाहायचं होतं. मी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. चाकं चढली, गाडी कलली, आणि इंजिनाचा आवाज वाढू लागला. वाढतच गेला. मी वर पाहिलं. माधवनं दोन्ही पाय उचलून धरले होते. एका हातात चावी होती, दुसऱ्यात इंजिन बंद करायची तार, मुळासकट ओढून काढलेली. तरी आवाज चढत होता. निळसर धुराचा लोट आला. शेडचे पत्रे थरथरू लागले, पायरी माझ्याखाली थरथरू लागली.

सगळ्यात आधी पळाला लच्छन्ना. नंतर म्हणाला, पाना आणायला गेलो होतो.

"हवा!" माधव ओरडत होता. "हवा बंद करा त्याची!"

मी उभी राहिले. बोट अजून पुस्तकाच्या पानात होतं. पुढं काय करायचं ते मला कळेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रेखा पोळपाट घेऊन धावली. चाकावर पाय देऊन वर चढली आणि तो पोळपाट तिनं नळीच्या तोंडावर थाडकन दाबला. इंजिनानं आतून ओढ घेतली. पोळपाट नळीला असा चिकटला, जणू कुणी आत श्वास घेता घेता अडकलं होतं. एक हिसका. मग काही नाही. पोळपाटावरचं पीठ तेवढं हवेत तरंगत होतं.

रेखा खाली उतरली. हात तिनं पदराला पुसले आणि म्हणाली, "माह्या पोया राह्यल्या."

माधवनं मला नंतर समजावलं. असं डिझेल इंजिन कधी कधी पिसाळतं. फार तिरपं झालं की स्वतःचंच ऑइल पिऊ लागतं. मग त्याला डिझेल लागत नाही, चावी लागत नाही. आतलं सगळं पिऊन संपेपर्यंत ते धावतं, आणि मग फुटतं. त्याला थांबवायचं तर एकच, श्वास कोंडायचा.

"मग दुरुस्त कर ना ते."

"करून राह्यलो. पन चिखलात किती तिरपा होईन, ते कोनाले ठावं?"

दुरुस्ती झाली. पण पोळपाट स्वयंपाकघरात परत गेला नाही. लच्छन्नानं त्याच्या खाली सायकलच्या ट्यूबचं रबर ठोकलं. चिखलात मारक्याच्या डाव्या जागेवर कुणीतरी हवंच, आणि त्याच्या मांडीवर पोळपाट हवाच, असा नेम ठरून गेला. ती जागा रेखाची झाली. तिनं नवा पोळपाट आणला आणि नवऱ्याला म्हणाली, "हाबी मागसान तर उपाशी राह्यसान."

त्यानंतरच्या सगळ्या शर्यती मी डोळे मिटून पाहिल्या. बांधावर गर्दीत उभी राहायची, आणि मारक्या उतरला की डोळे बंद. लोक ओरडत, भोंगा ओरडे, मी त्या सगळ्याखालून फक्त इंजिन ऐकत असे. चाकं धरतायत तेव्हाचा जड आवाज, नुसती फिरतायत तेव्हाचा मोकळा आवाज, माधव पाय कमी करतो तेव्हाचा खाली येणारा सूर. दर वेळी तो सूर खाली येईपर्यंत माझा श्वास वरच राहायचा. कुणी विचारलं असतं तर त्या शर्यतीत काय दिसलं ते मला सांगता आलं नसतं. काय ऐकू आलं ते मी अजून सांगेन.

एकदा शर्यतीनंतर दोघं अंगणात मारक्याला धूत होती. चिखलानं दोघांचे चेहरे सारखे दिसत होते. मी माधवला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते नं, ताई. ज्याले वाटत नाई त्याले मी बाजूले बसवतच नाई. ज्याले भेव वाटते त्याचेच कान इंजिनाकडं राह्यतात."

"रेखाला वाटते?"

"इचार तिले."

रेखा पाइपानं चाक धूत म्हणाली, "मले तर पापड तयतानाबी वाटते."

मी तेव्हा हसले. पण त्याच्या बोलण्याचं मला नवल वाटलं होतं. भीती म्हणजे माणसाला घरात बसवणारी गोष्ट, असंच मी समजत आले होते. भीतीला कुठं जागा देऊन बसवता येतं, हे माझ्या डोक्यात नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ज्या खांद्यांवर राहिलं, त्यांना तूप-हळद चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मामाच्या गावी मी हे पाहिलं होतं. मामा त्या बाबतीत फार कडक. आवतन दिलं की दिलं. मग तो बैल म्हातारा असो, लाथाळ असो, शिंग मारणारा असो, दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं पुरणपोळी गेलीच पाहिजे. बोलावून उपाशी ठेवणं मामाच्या लेखी चोरीपेक्षा वाईट.

माधवला बैल नव्हता, म्हणून तो मारक्याचे खांदे मळायचा. चाकं जिथं जोडतात तिथं, चारही ठिकाणी, तूप आणि हळद. मग रेडिएटरपाशी तोंड नेऊन, कारण रेखाच्या मते डोकं तिकडं होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मारक्याचं जेवण म्हणजे तळ्याखालचा चिखल. बँकेत सही करणारा माणूस ग्रीसच्या डागांवर तूप चोळतोय, हे पाहून मला हसू यायचं आणि त्याच वेळी वाटीतलं तूप संपूच नये असं वाटायचं. ते शब्द उच्चारले की उद्याची दुपार पक्की होत असे.

या वर्षी मारक्या फाल्गुनापासून ताडपत्रीखाली होता. घरात आता आम्ही दोघीच. संध्याकाळी रेखा टीव्हीचा आवाज लहान करून बसते, मी वाचते, आणि दोघींनाही ठाऊक असतं की दुसरी काहीच करत नाहीये. ताडपत्री मला खिडकीतून दिसायची. एका दिवशी मी लच्छन्नाला सांगितलं, गिऱ्हाईक बघ. त्याला बेज्जूरकडचा एक माणूस मिळाला. पावसाळ्यात जंगलातल्या वाटांनी गावांना किराणा पोचवायला त्याला अशीच गाडी हवी होती. पोळा झाला की येतो म्हणाला. रेखाला मी विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "तुमी म्हनसान तसं," एवढंच बोलली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आले. अंगणात अजून उजेड होता. काय वाटलं कोण जाणे, वाटीत तूप घेतलं, हळद घेतली आणि शेडमध्ये गेले. ताडपत्री बाजूला केली. मारक्या जाणारच होता. माधव असता तर त्यानं खांदे मळल्याशिवाय त्याला जाऊ दिलं नसतं. एवढाच माझा विचार. मी एकेका चाकाशी वाकून तूप चोळलं. लोखंड थंड होतं. शेवटच्या चाकाशी मला रडू आलं, आणि रडता रडता सवयीच्या प्रार्थनेसारखे ते शब्द तोंडातून गेले. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

मागं रेखा उभी होती.

"ताई."

"काय गं?"

"आवतन देल्लं तुमी त्याले?"

"माधव द्यायचा म्हणून. नुसतं म्हटलं मी."

"नुसतं म्हनता येते का ते?" तिचा आवाज अगदी हळू होता. "उद्या पोळा. बोलावलं अन् उपाशी उभा ठेवाचा का त्याले?"

"रेखा, तो लोखंडाचा आहे."

"मंग तूप काऊन लावलं?"

माझ्या हाताला हळद लागलेली होती.

"चालवणार कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मी. त्यायनं शिकवलं होतं मले, पडीत वावरात."

"आणि बाजूला?"

ती माझ्या हातातली वाटी घेऊन आत गेली. फाल्गुनापासून तिची पाठ इतकी ताठ मी पाहिली नव्हती. मला ती ताठ पाठ पाहून आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच दिसत होतं की या घरात माझं म्हणावं असं एक माणूस उरलंय, आणि त्याला चिखलात पाठवायचं आवतन मीच दिलंय.

सकाळी लच्छन्ना आला. मारक्याची बॅटरी बदलली, ऑइल पाहिलं, सगळे नट आवळले. रेखानं त्याला बाजूला बसायचं विचारलं तेव्हा तो पाना पुसत राहिला.

"रेखम्मा, मी बसला तर दोर कोन धरनार? तुमी अडकला तर ओढायले माझाच ट्रॅक्टर पायजे." मग माझ्याकडं वळून, पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, "अन् खरं सांगू, टीचरम्मा? मी पळनारा मानूस हाय. त्या दिवशी पाना आनायले नव्हतो गेलो."

"मी एकटीच जाईन," रेखा म्हणाली.

मी तिला अडवू शकले असते. मोठी नणंद आहे, तिनं ऐकलं असतं. अडवण्यासाठीच मी तोंड उघडलं. पण समोर ती डावी जागा रिकामी दिसत होती, सीटवर पोळपाट पालथा पडलेला, त्यावर नळीचा गोल वळ. मला त्या रिकाम्या जागेची चिखलापेक्षा जास्त भीती वाटली.

"स्टूल आण," मी म्हणाले.

रेखानं माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमाले तर बांधावरबी भोवळ येते."

"म्हणूनच बसते. आण."

तळ्याखाली मोठी गर्दी होती. धुतलेले बैल झाडांखाली बांधलेले, त्यांची शिंगं रंगवून झालेली. मारक्याचा पट्टा लच्छन्नानं माझ्या छातीवर इतका आवळला की श्वास अर्धाच येत होता. पोळपाट मांडीवर. कानाशी ती नळी, तिचं काळं उघडं तोंड, आणि आत सतत कुणीतरी श्वास घेतोय असा आवाज. बांधावरून हे कधी ऐकू आलं नव्हतं. समोरचा चिखल दुपारच्या उन्हात चकाकत होता. मला मामाच्या बैलाचे डोळे आठवले. माझेही तसेच झाले असणार.

मारक्या उतरला. पहिल्याच झटक्यात चिखलाचा एक पडदा आमच्यावर आला. तोंडात माती, डोळ्यांत माती. मला डोळे मिटायचे होते, मिटता येईनात. लोखंड करकरत होतं. जड आवाज, चाकं धरतायत. मोकळा आवाज, नुसती फिरतायत. पुन्हा जड. रेखा दात आवळून काहीतरी पुटपुटत होती, माधवचं नाव होतं की शिवी, कळलं नाही. अर्ध्यावर माझ्या बाजूचं चाक खड्ड्यात गेलं. गाडी माझ्याकडं कलली. चिखल माझ्या कोपराशी आला, गरम, काळा, अगदी शांत.

आणि सूर चढू लागला.

सुरुवातीला वाटलं, रेखाच जोर देतेय. पण तो आवाज मी ओळखत होते. त्यात जडपणा नव्हता, मोकळेपणाही नव्हता. तो कुणाचंच ऐकत नव्हता. मी तिच्या पायाकडं पाहिलं. पाय वर होता. निळा धूर आला. माझं सगळं अंग सांगत होतं की पट्टा सोड, उडी मार, पळ. हात मात्र पोळपाटावर होते. मी वळले आणि दोन्ही हातांनी तो नळीवर दाबला.

आतून ओढ आली. माझे हात त्याच्याबरोबर ओढले गेले. मी डोकं पोळपाटावर टेकवलं आणि सगळा भार टाकला. एक हिसका बसला. मग सगळं थांबलं.

इतकी शांतता की चिखलातले बुडबुडे फुटताना ऐकू येत होते. बांधावरची गर्दीही गप्प होती. आम्ही तळ्याखाली मधोमध, कललेल्या, कोपरापर्यंत काळ्या. मी हलले नाही. हललं की रुततो.

"ताई," रेखा म्हणाली. "डोये उघडे होते का तुमचे?"

"हाव," मी म्हणाले. एरवी मी असं बोलत नाही.

ती हसू लागली. हसता हसता रडू लागली, मोठ्यानं, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. फाल्गुनात घर माणसांनी भरलेलं असताना ती अशी रडली नव्हती. मला तिच्यापर्यंत हात पोचवता येत नव्हता, पट्टा आवळलेला होता. मी नुसतं बसून ऐकलं. लच्छन्नाचा दोर येईपर्यंत आम्ही तिथंच होतो. चिखलानं आम्हाला ओढलं नाही. मी त्याच्यावर नजर ठेवून होते.

संध्याकाळी मारक्याला धुऊन रेखानं त्याच्यापुढं पुरणपोळीचं पान ठेवलं. "जेवला," ती म्हणाली. "आता जाऊ द्या त्याले."

बेज्जूरचा माणूस पोळ्यानंतर आला. तरुण, हसरा, तेलुगू बोलणारा. लच्छन्नानं त्याला पिसाळण्याची गोष्ट सांगितली, नळी दाखवली, पोळपाट दाखवला. त्याला तो विनोद वाटला. मी विचारलं, बाजूला कोण बसणार? तो म्हणाला, एकटाच चालवतो, मॅडम, आजवर काही झालं नाही. जंगलात भीती कसली?

मी रेखाकडं पाहिलं. तिनं चावी मुठीत धरली. "मंग गाडी नाई भेटत," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आम्हाला विकायचीच नाही. चिडून निघून गेला. लच्छन्नानं कपाळावर हात मारला. काही दिवसांनी तो माणूस परत आला, या वेळी बायकोला घेऊन. सडपातळ, डोक्यावरून पदर घेतलेली मुलगी. शेडच्या दारात उभी राहून ती मारक्याकडं पाहत होती. आत यायला तिचा पाय उचलत नव्हता. रेखानं इंजिन सुरू केलं तशी ती दचकून मागं सरकली. पण तिची नजर नळीवर होती. मान किंचित कललेली. ऐकत होती.

मी जवळ जाऊन तेलुगूत विचारलं, भीती वाटते?

तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खूप वाटते, म्हणाली.

मी पोळपाट तिच्या हातात दिला.